नवा पैसा आणि जुना आणा
(ट्रस्टच्या अमृतमहोत्सवी समारंभात बडोदे येथे केलेले भाषण)



आपल्या चिटणिसांनी मला ‘बदलता काळ आणि आपण’ या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा मला प्रथम हसू आले. बदलाविषयी बोलावयास त्यांना एक ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा सापडावा, ही गंमतच आहे. पण मागाहून वाटले, की ज्याने बदल पुष्कळ सोसले त्यालाच हे काम सांगावे, हे काही अगदी गैर नव्हे. मी विद्वान नाही. माझे आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेले. तेव्हा मोठमोठे सिद्धांत मजजवळ नाहीत; एका घरातील चार माणसांची हकीकत तेवढी आहे. ती सांगतो आणि तिच्यावरून आपल्या संस्थेपुढे एक विनंती ठेवतो.

आपण बहुतेक जण माणसांचे दोन ढीग करतो. एका ढिगात नव्याला धरणारे, दुसऱ्यात जुन्याला चिकटणारे. पहिल्या ढिगात तरुणांना घालतो आणि दुसऱ्यात म्हाताऱ्यांना. ही वाटणी सोपी आहे, म्हणून ती चालते. पण माझ्या घरातच ती खोटी ठरलेली मी पाहिली आहे.

प्रथम काळाची थोडी आठवण देतो. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, सुमारे १८८८ सालचे. त्यांच्या लहानपणी बडोद्यात बाबाशाही रुपया चाले. तो गेला आणि इंग्रजी कलदार आला. पुढे आबांच्या उतारवयात आणि माझ्या बालपणी तर बदलांची रीघच लागली. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५६ च्या नोव्हेंबरात द्विभाषिक मुंबई राज्य झाले. १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवा पैसा आला. १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो येऊ लागला. आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले. म्हणजे पुरती अकरा वर्षे. त्यांत ज्या राजाचे आपण चाकर तो राजा राहिला नाही, ज्या राज्यात आपण राहतो त्याचे नाव दोनदा बदलले, खिशातले नाणे बदलले आणि वाण्याच्या तराजूतले वजनही बदलले. घर मात्र तेच होते, दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतले.

आता पहिली हकीकत. ती माझ्या जन्माच्या पुष्कळ आधीची आहे. पण घरात ती इतक्या वेळा सांगितली गेली की मला ती पाहिल्यासारखीच वाटते.

सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सुरू केला, आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला. मुलगे सात ते बारा आणि मुली सात ते दहा या वयात शाळेत गेल्याच पाहिजेत, न पाठवणाऱ्या पालकास दंड, असा कायदा होता. आबांची धाकटी बहीण त्या वर्षी सात वर्षांची होती. आम्ही तिला ताईआजी म्हणत असू. पणजोबा जुन्या वळणाचे. त्यांनी सांगून टाकले, “दंड भरीन, पण पोर शाळेत जायची नाही.” अशा रीतीने दंड भरून सुटका करून घेणारे पुष्कळ होते.

आबा तेव्हा अठरा वर्षांचे, संस्थानच्या एका खात्यात उमेदवार म्हणून लागलेले. त्यांनी वडिलांशी वाद घातला नाही. रोज सकाळी बहिणीला कडेवर घ्यावे, शाळेच्या पायरीवर उतरवावे आणि तसेच पुढे कचेरीत जावे, असा क्रम त्यांनी सुरू केला. गल्ली हसली. कोणी म्हणे, “काय हो, बहिणीला कारकून करणार की काय?” आबा उत्तर देत, “महाराजांना विचारा.” चार महिन्यांनी पणजोबांचा राग निवला. दंडाचे पैसे वाचले, हेही कारण असेल. पण पोरगी शिकली. मराठी शिकली आणि पुढे गुजरातीही वाचू लागली.

ही हकीकत येथे सोडून देतो आणि चाळीस वर्षे पुढे येतो.

१९४९ साली विलीनीकरण झाले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मला आठवते ते एवढेच, की त्या दिवशी आबा जेवले नाहीत. माझे वडील खानगी खात्यात होते. तेथला पुष्कळसा पत्रव्यवहार मराठीत चाले आणि जुने हिशेब मोडीत असत. वडिलांची मोडी अशी सुबक, की साहेब लोक मुद्दाम पाहावयास येत असे सांगत. विलीनीकरणानंतर खाती आटली आणि ती अक्षरकला एकाएकी बिनकामाची झाली. वडील तेव्हा चाळिशीपार गेलेले. त्यांनी काय करावे? रावपुऱ्यात एक टायपिंगचा वर्ग होता. पहाटे सहाच्या तुकडीत त्यांनी नाव घातले. पहाटेचीच तुकडी का, हे मला मोठेपणी कळले. त्या वेळी रस्त्यावर ओळखीचे कोणी भेटत नसे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या रांगेत टोपी घातलेला एक गृहस्थ बसून बोटे आपटतो आहे, हे कोणी पाहू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. वर्षभराने ते टायपिंगची परीक्षा उतरले आणि सरकारी नोकरीत टिकले. परीक्षा उतरल्याचा पेढा मात्र घरात आला नाही.

आमच्या शेजारी एक गृहस्थ होते. त्यांचे नाव सांगत नाही. ते नव्याचे मोठे भोक्ते. विलीनीकरण होताच त्यांनी भिंतीवरची महाराजांची तसबीर उतरवली, मोडीचे कागद रद्दीत घातले आणि मुलांना घरात मराठी बोलावयास बंदी केली. आता इंग्रजी आणि गुजराती एवढेच, असा हुकूम झाला. आम्ही त्यांना फार पुढारलेले समजत असू. पुढे त्यांची मुले मोठी झाली, दूरदेशी गेली. म्हातारपणी ते माझ्याकडे येऊन बसत. एकदा म्हणाले, “मास्तर, मुलगा फोन करतो. पण माझ्या आईच्या गोष्टी त्याला इंग्रजीत कशा सांगू?” मजजवळ उत्तर नव्हते. आणखी एक गोष्ट सांगतो. ज्या मोडी दप्तराला त्या वेळी रद्दीचा भाव आला होता, त्याच्या रुमालांतून आज संशोधक संस्थानचा इतिहास काढतात आणि मोडी वाचणारा माणूस शोधत फिरतात. घाईने टाकलेली वस्तू पुढे शोधावी लागते, ती अशी.

आता ताईआजीकडे येतो. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. विलीनीकरणाच्या सुमारास तिची पन्नाशी आली होती. त्याच वर्षी, १९४९ साली, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसा मेहता. बाहेरगावचे विद्यार्थी शहरात येऊ लागले. घरातले सारे पुरुष ‘राज्य गेले, राज्य गेले’ म्हणून कपाळाला हात लावून बसले असता ताईआजीने एक प्रश्न विचारला, “ही पोरं जेवतात कुठं?” आणि आमच्या घराच्या पडवीत खाणावळ सुरू झाली.

पहिल्या वर्षी सारे विद्यार्थी मराठी. दुसऱ्या वर्षी त्यांचे गुजराती मित्र आले. त्यांना आमटी तिखट लागे. घरातल्या बायका म्हणू लागल्या, आता काय आपण आपली आमटीही सोडायची? ताईआजी म्हणाली, “आमटीत गूळ आपण घालत नाही का? जरा जास्त घातला की झाली त्यांची दाळ. त्यात सोडायचं काय आहे?” दोन पातेली चुलीवर चढू लागली. काही दिवसांनी मराठी मुले गोड दाळ मागू लागली आणि गुजराती मुले आमटी. आज या शहरात नाक्यानाक्यावर शेव-उसळ मिळते. उसळ आपली, तिच्यावर शेव त्यांची, आणि खाणाऱ्याला दोन्हींत भेद आठवतही नाही. असो.

मग आला नवा पैसा. येथे मला थोडे गणित करू द्या, माझी सवयच ती.

पूर्वी रुपयाचे सोळा आणे. आता रुपयाचे शंभर नवे पैसे. म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. पण सव्वा पैसा कोणाजवळ आहे? तेव्हा सरकारने कोष्टक छापले: एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५. आता पाहा, चार आण्यांची वस्तू एकदम घेतली तर पंचवीस पैसे, पण आण्या-आण्याने चार वेळा घेतली तर चोवीसच. म्हणजे गिऱ्हाइकाचा फायदा. उलट वाणी आण्याला सात मागू लागला तर त्याचा फायदा. त्या एप्रिलात गल्लीगल्लीत एकेका पैशावरून भांडणे झाली. तेरा वर्षांच्या मला त्यात फार मौज वाटे. मी खिशात कोष्टक घालून हिंडत असे.

आणखी एक घोटाळा होता. पुष्कळ दिवस जुनी आणि नवी नाणी बाजारात एकत्र चालत. जुना आणा कंगोऱ्यांचा होता आणि नवे दहा पैशांचे नाणेही कंगोऱ्यांचे. नजर अधू झालेल्या माणसाला बोटांनी चाचपून नाणे ओळखायची सवय असते. त्या बोटांनाच आता भरवसा राहिला नाही.

आबा तेव्हा सत्तरीला टेकले होते. एके दिवशी मला बरोबर घेऊन ते मंडईत गेले. कोथिंबिरीची जुडी घेतली. भाजीवालीने सहा पैसे मागितले. आबांनी आणा समजून एक नाणे दिले. ते नवे दहा पैसे होते. तिने चार पैसे परत केले. आबांना वाटले, ही चुकून जास्त देते आहे. प्रामाणिक माणूस, ते पैसे तिला परत देऊ लागले. ती पुन्हा देई, हे पुन्हा परत करीत. भोवती माणसे जमली. शेवटी ती हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हते, पण सारी मंडई हसली. आणि आता सांगावयास लाज वाटते, मीही हसलो.

आबांनी जुडी तेथेच ठेवली, ते पैसे तेथेच ठेवले आणि घरी आले. त्या दिवसापासून त्यांनी नव्या पैशाला हात लावला नाही. बाजाराला जाणे बंद. देवळात जाणे बंद, कारण तेथेही पेटीत नाणे टाकावे लागे. कोणी विचारले तर म्हणत, “हे गांधी टोपीवाल्यांचं नाणं. माझं नाणं आण्याचं.” आम्ही सारे म्हणू लागलो, आबा हट्टी झाले, म्हातारपणी असे होतेच. वडील म्हणाले. मीही म्हणालो. माणसांच्या दोन ढिगांपैकी दुसऱ्या ढिगात आम्ही आबांना टाकून मोकळे झालो.

ताईआजी मात्र काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी खाणावळीची मुले जेवून गेल्यावर तिने पडवीचे दार लावून घेतले. मी आतल्या खोलीत अभ्यास करीत होतो. मी तेथे आहे हे तिच्या ध्यानात नव्हते. तिने पितळेचे ताट आबांच्या पुढे ठेवले, त्यात जुनी-नवी सारी नाणी ओतली आणि शेजारी छापील कोष्टक ठेवले. म्हणाली, “दादा, मला शाळेत कोणी पोचवलं होतं?”

आबा गप्प.

“मग आज मी पोचवते. दार लावलंय. कोणी बघत नाही.”

आठ-दहा संध्याकाळी ते चालले. ती म्हणे, दोन आणे. आबा बोटांनी नाणी चाचपून बारा पैसे काढीत. चुकले तर ती नुसते ताट हलवी आणि पुन्हा विचारी. मी दाराच्या फटीतून पाहत असे. एकदाही ती हसली नाही. त्यानंतर एका सोमवारी आबा उपरणे घेऊन देवळात गेले. कोणी काही विचारले नाही. ताईआजीने सर्वांना डोळ्यांनीच बजावून ठेवले होते.

बंधुभगिनींनो, मला जे कळले ते या ताटाजवळ कळले. ज्या माणसाने अठराव्या वर्षी साऱ्या गल्लीचे हसणे अंगावर घेऊन बहिणीला शाळेत नेले, तो जुन्याला चिकटणारा कसा? आणि तोच माणूस सत्तरीला एका हसण्याने घरात बसला. तो बदलला होता का? मला वाटते, फरक एवढाच होता की १९०६ साली हसणारे चुकले आहेत असे म्हणणारा खुद्द राजा त्यांच्या पाठीशी होता. १९५७ साली पाठीशी कोणी नव्हते. नोकरी संपलेली, राज्य गेलेले, डोळे अधू, आणि जे थोडे ज्ञान हातात उरले होते, म्हणजे बाजारात स्वतःचा हिशेब स्वतः करणे, तेही लोकांदेखत हिसकावले गेले. त्यांनी नाण्याला नकार दिला असे आम्हाला वाटले. खरा नकार त्या फजितीला होता.

ताईआजीविषयीही तुमचा गैरसमज होऊ नये. ती काही सर्व बाबतींत पुढे नव्हती. १९६५ साली कोयलीची रिफायनरी चालू झाली, आणि पुढे काही वर्षांनी आमच्या घरी गॅसची शेगडी आली. नवा पैसा एका संध्याकाळी शिकलेली ही बाई त्या शेगडीच्या खोलीत दोन वर्षे पाऊल टाकीना. “आग नळीतून येते, ती केव्हा कुठून येईल सांगता येत नाही,” असे म्हणे. शेवटी माझी पत्नी, तेव्हाची नवी सून, रोज तिला जवळ बसवून घेई आणि बटन फिरवताना तिचा हात आपल्या हाताखाली धरी. मग भीती गेली. म्हणजे एकच माणूस एका बाबतीत पुढे आणि दुसऱ्या बाबतीत मागे असतो. जेथे त्याला गरज आणि आधार दोन्ही आहेत तेथे तो पुढे जातो. जेथे भीती आहे आणि हात धरणारा कोणी नाही तेथे तो अडतो.

वजनांचे असेच झाले. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. किलोशी त्याचा मेळ बसेना. लोकांनी काय केले? शब्द जुना ठेवला आणि माप नवे घेतले. आजही गुजरातच्या बाजार समितीत शेतमालाचा भाव मणाने बोलतात, आणि तो मण नेमका २० किलोचा असतो. आबाही शेवटपर्यंत ‘दोन आण्यांची कोथिंबीर’ म्हणत आणि पैसे मात्र बिनचूक बारा मोजून देत. त्यात कोणाचे काय बिघडले? माणूस नव्या घरात राहावयास जातो तेव्हा जुना पाट बरोबर नेतो. त्याला तो नेऊ द्यावा.

येथे कोणी विचारील, की मग जुन्याला धरणाऱ्या प्रत्येकाची कीवच करावयाची काय? नाही. आपल्याच शहरातील एक गोष्ट आपण विसरता कामा नये. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकावयास शिष्यवृत्ती दिली. १९१७ साली ते संस्थानच्या नोकरीवर बडोद्यास रुजू झाले, आणि एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहावयास कोणी जागा दिली नाही. एका पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले. तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. राजा बदलला होता, कायदा बदलत होता. माणसे बदलली नव्हती, आणि त्यांत आपले पूर्वजही होते. हा नकार आणि आबांचा नकार एका मापाने मोजता येणार नाही. आबांच्या नकाराची किंमत आबांनी स्वतः भरली. त्या नकाराची किंमत दुसऱ्याला भरावी लागली. म्हणून बदलाला अडून बसलेला माणूस दिसला, की मी आधी पाहतो, याच्या अडण्याने कोणाचे नुकसान होते आहे. स्वतःचे होत असेल तर त्याच्याजवळ बसावे. दुसऱ्याचे होत असेल तर त्याला अडवावे.

आता माझ्या विनंतीकडे वळतो. त्यासाठी मला एक कबुली द्यावी लागेल, आणि उत्सवाच्या दिवशी ती देतो आहे याबद्दल क्षमा असावी.

आपला हा ट्रस्ट विलीनीकरणानंतर उभा राहिला. जी मदत पूर्वी सरकारवाड्यातून गरीब विद्यार्थ्यांना आणि निराधार बायांना मिळे ती बंद झाली, तेव्हा पगारातून रुपया-आठ आणे काढून आपल्या वडीलधाऱ्यांनी ही संस्था चालवली. म्हणजे एका मोठ्या बदलात जे मागे पडले, त्यांच्याजवळ बसण्यासाठीच ही संस्था जन्मली.

दोन वर्षांपूर्वी आपल्या समितीने ठराव केला, की शिक्षणमदतीचे अर्ज यापुढे फक्त मोबाईलवर भरावेत. कागद वाचेल, वेळ वाचेल, घोटाळा होणार नाही. कारणे सारी खरी होती. मीही हात वर केला. गेल्या जूनमध्ये मी कार्यालयात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. एक बाई आल्या. चार घरी पोळ्या करतात, मुलगा आठवीत. गेली काही वर्षे आपण त्याची फी देत होतो. त्या अर्जाचा कागद मागू लागल्या. आपला तरुण कार्यकर्ता हसून म्हणाला, “मावशी, कागद आता कुठं? सगळं मोबाईलवर. अहो, कुणालाही येतं.” मुलगा चांगला आहे, त्याच्या मनात काही वाईट नव्हते. त्या बाईंनी आपल्या हातातला बटणांचा फोन पदराखाली घेतला, “बरं” म्हणाल्या आणि गेल्या.

ते ‘बरं’ मी ऐकले होते. ते मंडईतलेच होते. तरी मी वर्तमानपत्र खाली ठेवले नाही.

अर्जाची मुदत संपली. त्यांचा अर्ज नव्हता. दोन महिन्यांनी मला कळले, की त्यांनी व्याजाने पैसे काढून फी भरली. मी त्यांच्या दारी गेलो. समितीने नंतर रक्कम दिली, हे खरे. परंतु त्या बाई आपल्या कार्यालयाची पायरी पुन्हा चढलेल्या नाहीत. हिशेबाच्या वहीत ही बाब ‘अर्ज आला नाही’ अशी लिहिली जाते. आबांच्या बाबतीत आम्ही ‘हट्टी’ असे लिहिले होते.

मी मोबाईलच्या विरुद्ध नाही, हे तरुण मंडळींनी ध्यानात घ्यावे. माझी नात परदेशी आहे आणि रोज रात्री तिचा चेहरा मी त्याच यंत्रात पाहतो. आमच्या दारावर येणारी भाजीवाली निरक्षर आहे. पण तिच्या गाडीवर पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारा डबा आहे. ज्याने कोणी तो बोलणारा डबा काढला, त्याने ताईआजीचे ताट पाहिले नसेल. परंतु जिला वाचता येत नाही तिला ऐकू तर येते, एवढा विचार त्याने केला. म्हणून ती भाजीवाली पुढे गेली. आपण आपल्या अर्जात एवढा विचार केला नाही, म्हणून ती पोळ्या करणारी बाई मागे राहिली. दोघींच्या बुद्धीत काही अंतर नाही.

म्हणून या अमृतमहोत्सवी वर्षात माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली, मोबाईलचा अर्ज चालू ठेवा, पण कागदाचा अर्जही काही वर्षे शेजारी चालू ठेवा. नव्या पैशाच्या वेळी सरकारने दोन्ही नाणी एकदम चालू दिली होती, आणि ‘नवा पैसा’ यातला ‘नवा’ शब्द १९६४ साली, म्हणजे सात वर्षांनी काढला. सयाजीराव महाराजांनी अमरेलीचा प्रयोग तेरा वर्षे पाहिला आणि मग कायदा सर्वत्र नेला. राजाला आणि सरकारला जो धीर होता तो आपल्यासारख्या लहान संस्थेला का नसावा?

दुसरी, जून महिन्यात रोज संध्याकाळी दोन तास कार्यालयात एक माणूस नुसता बसवा. त्याचे काम एवढेच, की जो येईल त्याच्याजवळ बसून त्याचा अर्ज भरू लागायचा, आणि जमले तर त्याला तो भरावयास शिकवायचा. जागा आतल्या खोलीत असावी आणि दार लावता यावे. या कामास मी स्वतःचे नाव देतो. मला मोबाईल नीट येत नाही; तेव्हा एखाद्या मुलाने आधी मला शिकवावे. म्हणजे येणाऱ्यांना आपल्यासारखाच एक अडाणी समोर बसलेला दिसेल आणि त्यांचा संकोच जाईल.

तिसरी मागणी पैशाची नाही आणि ठरावाचीही नाही. ‘कुणालाही येतं’ हे वाक्य आपल्या संस्थेत कोणी उच्चारू नये. ज्याला येत नाही त्याला त्या वाक्याचा अर्थ एकच ऐकू येतो, की तू ‘कुणी’ नाहीस.

मुलांनो, तुम्ही येथे पुढे बसला आहात म्हणून शेवटचे तुम्हाला सांगतो. आज तुमच्या हातात सारे चटचट येते. आणखी पन्नास-साठ वर्षांनी असे काही निघेल, की तुमची बोटे त्याच्यावर अडखळतील आणि तुमचा नातू हसेल. तेव्हा दार लावून तुमच्याजवळ बसणारे कोणी असावे, अशी इच्छा असेल, तर आज कोणाजवळ तरी बसा. घरी जाल तेव्हा आजीला विचारा, तिला काय अडते आहे. ती आधी ‘काही नाही’ म्हणेल. पुन्हा विचारा.

ताईआजीचे ते पितळी ताट अजून माझ्या घरी आहे. समितीने माझी दुसरी मागणी मान्य केली, तर पहिल्या संध्याकाळी मी ते कार्यालयात आणून ठेवीन.

 या संस्थेस उत्तरोत्तर यश मिळो, आणि तिच्या दारातून कोणी ‘बरं’ म्हणून परत न जावो, अशी प्रार्थना करून माझे चार शब्द पुरे करतो.